बारवेतला खून: फँटसी खेळात तपास आणि सुगाव्यांचे नियम

बारवप्रेमी (परभणी)

नमस्कार मंडळी. आपल्यापैकी बरेच जण डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं घेऊन, बोलून आणि फासे टाकून खेळायचा खेळ खेळतात, काही जण त्याच धाटणीचे दुसरे फँटसी खेळ. लढाई रंगते, भुयारं रंगतात, पण गावात खून झाला आणि त्याचा छडा लावायचा म्हटलं की सेशन ढेपाळतं. खेळाडू हुशार असतात, डीएमची, म्हणजे खेळ चालवणाऱ्याची, तयारीही असते. दोष नियमांच्या ठेवणीत आहे असं माझं ठाम मत झालंय, आणि तो घरच्या घरी दुरुस्त करता येतो. म्हणून हा धागा.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ आला तो युद्धखेळांच्या घराण्यातून. त्यामुळं लढाईला पानंच्या पानं नियम आणि तपासाला एक रोल. पाचव्या आवृत्तीत इन्व्हेस्टिगेशन (तपास) हे कौशल्य बुद्धीवर, पर्सेप्शन (निरीक्षण) शहाणपणावर. फासा टाका, आकडा आला तर सुगावा सापडला. नाही आला तर? वार हुकला तर पुढच्या फेरीत पुन्हा मारता येतो. सुगावा हुकला तर पुढं जायला वाटच उरत नाही.

जरा हिशेब करा. डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १५; कॅरेक्टरला फाशात मिळवायला +५. म्हणजे वीसबाजू फाशावर १० किंवा जास्त हवेत, शक्यता ५५ टक्के. गोष्ट जर अशी रचली की पहिल्या सुगाव्यावरून दुसरा आणि दुसऱ्यावरून तिसरा, तर तिन्ही हाती लागण्याची शक्यता जेमतेम १७ टक्के. तेच तीन सुगावे एकमेकांवर न अवलंबता एकाच निष्कर्षाकडं नेणारे ठेवले, तर निदान एक तरी मिळण्याची शक्यता ९१ टक्के. फासा तोच, डीसी तोच, मांडणी तेवढी बदलली. जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ साली मांडलेला तीन सुगाव्यांचा नियम हाच आहे: खेळाडूंनी जो निष्कर्ष काढायला हवा, त्या प्रत्येकासाठी किमान तीन सुगावे पेरा.

आमच्या खेळातलं उदाहरण देतो. राज्य काल्पनिक, पण गाव आपल्याच मुलखातलं वाटावं असं. मोठी पायऱ्यांची बारव, काठावर मोट. पाण्याच्या पाळ्यांची वही ठेवणारा म्हातारा सकाळी बारवेच्या पायरीवर मरून पडलेला सापडतो. गाव म्हणतं, पाय घसरला. खेळाडूंना कळायला हवं ते हे, की त्या रात्री कुणीतरी चोरून मोट चालवली.

त्यासाठी तीन गोष्टी ठेवल्या. धावेवर, म्हणजे बैल मोट ओढत चालतात त्या उतारावर, बैलांच्या खुरांचे ताजे ठसे आहेत, आणि ते उताराकडं तोंड करून खोल रुतलेत, म्हणजे मागं भरल्या मोटेचं वजन होतं. थारोळं (मोटेचं पाणी पडतं ती जागा) ओलं आहे, पण वहीप्रमाणं त्या रात्री कुणाचीच पाळी नव्हती. आणि गावातल्या एका गोठ्यात बैलजोडी उठायला तयार नाही, वैरणीला तोंड लावत नाही, खांदा जुवानं नुकताच सोलवटलेला आहे. यातलं एक जरी सापडलं तरी भागतं. तिन्ही सापडली तर टेबलावर जी शांतता पसरते आणि मग सगळे एकदम बोलायला लागतात, त्या क्षणासाठीच मी डीएमगिरी करतो.

प्रेताच्या मनगटावर दोराचा वळ आहे. बारीक वळ. मोट ओढायचा मुख्य दोर, नाडा, जाड असतो; तिच्या सोंडेचा दोर, सोंदूर, बारीक. आणि मोटेला नाडा जुना, पण सोंदूर कोरा आहे. हे एकदा दिसलं की 'पाय घसरला' ही गोष्ट संपली.

आता नियम. एक: योग्य जागी, योग्य कौशल्याच्या कॅरेक्टरनं पाहिलं की मुख्य सुगावा मिळतोच, रोल नाही. ही मूळ कल्पना रॉबिन लॉज यांच्या गमशू या नियमपद्धतीची. दोन: रोल करायचा तो किमतीसाठी. फासा चांगला पडला तर सुगाव्याबरोबर एक जादा प्रश्न विचारता येतो. वाईट पडला तरी सुगावा मिळतो, पण एक प्रहर खर्च होतो किंवा बोभाट्याचं, म्हणजे तपासाची गावात किती चर्चा झाली याचं, एक घर भरतं. तीन: दिवसाचे आठ प्रहर, आणि गुन्हेगाराचं काय चाललंय ते प्रहरागणिक आधीच लिहून ठेवायचं. बोभाट्याची सहा घरं. तिसरं भरलं की गाव बोलणं बंद करतं, सहावं भरलं की गुन्हेगार पुरावा नष्ट करतो किंवा पळ काढतो. घरं भरत जायची युक्ती जॉन हार्पर यांच्या ब्लेड्स इन द डार्क या खेळातल्या घड्याळांवरून घेतली.

तुमचं मत सांगा.

जुनाखेळिया (छत्रपती संभाजीनगर)

बारवप्रेमी, मांडणी आवडली, पण पहिल्याच नियमाला माझी हरकत आहे. योग्य कौशल्य असलं की सुगावा आपोआप, हे कशाला? खेळाडूला सांगू दे की तो नेमकं काय करतो. 'मी धावेवर वाकून ठसे बघतो' म्हणाला तर दिसतील. 'मी बारव तपासतो' एवढंच म्हणाला तर पायऱ्या आणि पाणी दिसेल. कौशल्याचा आकडा मधे आणला की खेळाडू पात्राच्या कागदाकडं बघतात, जागेकडं बघत नाहीत.

दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी, ते काळोखं भुयार, ज्यांनी पाहिलीय त्यांना सांगायला नको. वळणं, चढ-उतार, फसवे रस्ते. तिथं शत्रूला पाऊल चाचपत टाकावं लागायचं. खेळातलं प्रत्येक ठिकाण असं हातानं चाचपायला लावलं पाहिजे.

लातूरकर

माझी अडचण उलटी आहे. आमच्या गटातल्या रोगनं (चोर-हेर धाटणीचं पात्र घेतलेल्या पोरानं) इन्व्हेस्टिगेशनला एक्स्पर्टीज, म्हणजे खास प्रावीण्य, घेतली. आता सुगावा सगळ्यांनाच फुकट मिळायला लागला तर त्या पोरानं तिथं एक्स्पर्टीज लावली ती वायाच गेली की! त्याला काय सांगू?

बारवप्रेमी (परभणी)

जुनाखेळिया सर, तुमच्याशी निम्मा सहमत. जागेचं वर्णन ऐकून बोट ठेवणं हाच खरा आनंद. पण माझ्या टेबलावर शहरात वाढलेली मुलं आहेत, त्यांनी मोट चाललेली कधी पाहिलेली नाही. धाव म्हणजे काय हेच माहीत नसेल तर तो 'धावेवर वाकतो' म्हणणार कसा? त्याचं पात्र मात्र शेतकऱ्याचं पोर आहे, त्याला हे झोपेत कळेल. खेळाडूला जे माहीत नाही पण पात्राला माहीत असणारच, ते सांगायला कौशल्य. अंधारीसारखी जागा मात्र तुम्ही म्हणता तशीच खेळवावी. तिथं पुढं कोण आहे, मशाल कुणाच्या हातात आहे, भिंतीला हात कुणाचा लागतो, हे बोलूनच ठरलं पाहिजे.

लातूरकर, रोगचं काही वाया जात नाही. मुख्य सुगावा सगळ्यांना, खोली त्याला. ठसे सगळ्यांना दिसतील. डावा बैल लंगडत होता हे फक्त त्यालाच कळेल. आणि गावात लंगडा बैल कुणाचा हे विचारायला एक प्रहर लागतो, तो त्याचा वाचला. वेळ वाचवणं ही या खेळातली सगळ्यात मोठी कमाई आहे. गमशूमध्येही असंच असतं, मूळ सुगावा विनामोल आणि गुण खर्च केले की वरची माहिती.

लातूरकर

लंगडा बैल! हे पटलं. पोरगं खूश होईल.

सिंदफणा (बीड)

नियम छान आहेत, पण फँटसीतली खरी गोची तुम्ही सोडूनच दिली. आमच्या गटातली क्लेरिक (देवाच्या मंत्रांचं पुजारी पात्र) खून झाला की तपास-बिपास काही करत नाही, सरळ प्रेतालाच विचारते. मग संशयितांना ओळीनं उभं करून झोन ऑफ ट्रुथ, खोटं बोलू न देणारा मंत्र. अर्ध्या तासात प्रकरण मिटतं. १९८१ च्या कॉल ऑफ क्थुलूपासून तपासाचे खेळ जमतात, कारण तिथं साधी माणसं ग्रंथालयात बसून कागद चाळतात. आपल्याकडं देवच साक्षीला येतात. त्याचं काय करायचं? मंत्रांवर बंदी घालणं मला पटत नाही, तिनं ते पात्र हौसेनं घेतलंय.

बारवप्रेमी (परभणी)

सिंदफणाताई, बंदी अजिबात नको. मंत्राचा मजकूर शब्दन् शब्द वाचा, सगळा तपास त्यातच दडलेला आहे.

स्पीक विथ डेड, तिसऱ्या पातळीचा. पाच प्रश्न. प्रेताला तेवढंच माहीत जेवढं जिवंतपणी माहीत होतं, उत्तरं तुटक आणि बऱ्याचदा कोड्यासारखी. आमच्या म्हाताऱ्याला मागून धरलं होतं. 'कुणी मारलं?' याचं उत्तर त्याला देताच येत नाही. पण 'शेवटचा आवाज कसला ऐकलास?' असं विचारलं तर तो म्हणतो, 'चाक कुरकुरत होतं.' म्हणजे मोट चालू होती. मंत्रानं चौथा सुगावा दिला, प्रकरण मिटवलं नाही. शहाणा प्रश्न विचारणाऱ्या क्लेरिकला शाबासकीही मिळाली.

आणि याच मंत्रात एक ओळ आहे जी बहुतेक जण नजरेआड करतात. गेल्या १० दिवसांत ज्या प्रेतावर हा मंत्र झालाय, त्याच्यावर तो पुन्हा चालत नाही. आता कल्पना करा, तुमची क्लेरिक मंत्र म्हणते आणि प्रेत गप्प राहतं. याचा अर्थ कुणीतरी आधीच येऊन पाच प्रश्न वाया घालवून गेलंय! गावात एवढ्या ताकदीचा पुजारी किंवा मांत्रिक कोण? अख्ख्या गावातून संशयित दोन-तीनांवर आले, आणि तेही मंत्र फसल्यामुळं. फँटसी जगातला हुशार गुन्हेगार या मंत्राची तयारी करणारच, जसा आपल्याकडचा हातमोजे घालतो.

झोन ऑफ ट्रुथ दुसऱ्या पातळीचा, १५ फूट त्रिज्येचा घेर, १० मिनिटं. ज्याची सेव्ह (मंत्रातून सुटायचा रोल) फसली त्याला जाणूनबुजून खोटं बोलता येत नाही, पण उत्तर टाळता येतं, आडवळणानं बोलता येतं. आमच्या गावच्या पाटलानं त्या घेरात उभं राहून सांगितलं, 'मी त्याला बारवेत ढकललं नाही.' शंभर टक्के खरं. त्यानं दोरानं बांधून उतरवलं होतं. खेळाडूंपैकी ज्याला सोंदुराचा वळ आठवला, त्यानं पुढचा प्रश्न बरोबर विचारला. जो माणूस मंत्राच्या घेरात यायलाच नकार देतो, तो गुन्हेगार असेलच असं नाही. एखाद्या विधवेला तिच्या घरातली वेगळीच गोष्ट लपवायची असेल. हे सांभाळून लिहिलं की मंत्र तपासाचा शत्रू राहत नाही.

सिंदफणा (बीड)

१० दिवसांची ओळ मी खरंच कधी अशी वापरली नव्हती. पुढच्या प्रकरणात प्रेत गप्प राहणार हे नक्की.

एक भर घालते. जुन्या गावगाड्यात चोराचा माग काढायची जबाबदारी गावच्या राखणदारावर असायची. माग शिवेपर्यंत नेऊन दाखवला की पुढची जबाबदारी शेजारच्या गावाच्या राखणदारावर. त्यानं तो पुढं न्यायचा, नाहीतर त्याच्या गावानं नुकसान भरून द्यायचं. पाठलागाला हे जसंच्या तसं लावता येईल. शिवेवर पोचलं की नवं गाव, नवा राखणदार, आणि त्याला हा माग आपल्या गावात आलाय हे कबूल करायचं नाहीये. तिथं तलवार चालत नाही, बोलून पटवावं लागतं. सर्व्हायव्हलचा एकच रोल मारून 'माग लागला' म्हणण्यापेक्षा हे कितीतरी जिवंत.

बारवप्रेमी (परभणी)

ताई, हे सोनं आहे. नियम म्हणून असं बसेल: एका गावच्या हद्दीत माग एका प्रहरात निघतो. शिवेवर राखणदाराला दाखवायला हातात एक ठोस खूण हवी. खूण असेल तर तो सोबत येतो. नसेल तर बोभाट्याचं एक घर भरून एकट्यानं पुढं जावं लागतं. म्हणजे आधी जमवलेले सुगावे पाठलागातही कामाला येतात.

मन्याड (नांदेड)

मी शाळेत शिकवते आणि सुट्टीत मोठ्या वर्गातल्या मुला-मुलींना घेऊन खेळते. माझा अनुभव असा की सुगावे मिळण्याची अडचण तीन सुगाव्यांच्या नियमानं सुटते, पण जोडण्याची सुटत नाही. मुलं भराभर गोळा करतात आणि मग एकमेकांकडं बघत बसतात. दुसऱ्या सेशनला तर निम्मं विसरलेलं असतं.

त्यावर मी पंचनामा हा प्रकार सुरू केला. प्रत्येक ठिकाण सोडायच्या आधी एक मुलगा किंवा मुलगी मोठ्यानं पंचनामा वाचते. त्यात फक्त जे दिसलं आणि जे ऐकलं तेच लिहायचं. 'पाटलावर संशय आहे' हे लिहायचं नाही. 'थारोळं ओलं होतं, पाळी कुणाची नव्हती' हे लिहायचं. दोघांनी पंच म्हणून सही करायची. काही चुकीचं लिहिलं तर डीएम म्हणून मी तिथंच दुरुस्त करते, कारण पात्रं तिथं उभी होती, त्यांनी पाहिलंय. संशय आणि तर्क वेगळ्या कागदावर. फरक डोळ्यांना दिसतो. 'तो घाबरलेला होता' असं लिहिणाऱ्या मुलीला दुसरी विचारते, 'घाबरला हे तुला कशावरून कळलं?' मग ती खोडून लिहिते, 'उत्तर देताना तो दोनदा दाराकडं बघत होता.' कुठलाही फासा हे देऊ शकत नाही.

दुसरं, हातात धरता येईल असा कागद द्या. आपल्या मुलखात याला तोटा नाही. कित्येक घरांतल्या ट्रंकांमध्ये मोडीतले आणि उर्दूतले जुने कागद पडलेले आहेत, त्यांच्या धर्तीवर नकली दस्त बनवता येतात. महानुभावांच्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत होत्या आणि पंथाबाहेरच्या माणसाला त्या कित्येक शतकं वाचता येत नव्हत्या. मी त्यावरून खेळातल्या एका मठाची लिपी तयार केली. अक्षरांची अदलाबदल, एवढंच. किल्ली मठातल्या वृद्ध साधूकडं, आणि तो ती फुकट देत नाही. इथं अट एकच: त्या कागदावर असलेली गोष्ट दुसऱ्या दोन वाटांनीही कळली पाहिजे. लिपी उलगडली नाही म्हणून मुलांची गोष्ट अडता कामा नये.

जुनाखेळिया (छत्रपती संभाजीनगर)

मन्याडताई, पंचनाम्याला मनापासून अनुमोदन. यात खेळाडूच बघतो, खेळाडूच बोलतो, आणि तरी कुणी मागं राहत नाही. माझ्या हरकतीचं उत्तर मला इथं मिळालं.

एक जागा सुचवतो. नळदुर्गचा पाणी महाल. बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात बांधलेले कक्ष, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातले. पावसाळ्यात बांधावरून नर-मादी धबधबे कोसळतात आणि माणूस आत कोरडा उभा राहून पाण्याचा पडदा बघू शकतो. खेळासाठी अशी जागा घ्या आणि एक सुगावा असा ठेवा की तो पाणी पडत असतानाच दिसेल, दुसरा असा की पाणी थांबल्यावरच. प्रहरांच्या नियमाला मग खरा अर्थ येतो. कधी जायचं हे खेळाडूंना ठरवावं लागेल.

बारवप्रेमी (परभणी)

सर, वालूरच्या बारवेसाठीही असंच काहीतरी डोक्यात आहे. पायऱ्या गोल फिरत खाली जातात, त्यामुळं वरून बघणाऱ्याला एक दिसतं आणि खालून बघणाऱ्याला दुसरं. दोन साक्षीदार, दोघंही खरं बोलतात, साक्ष जुळत नाही. कोण कुठल्या पायरीवर उभं होतं हे खेळाडूंनी पात्रांना स्वतः तिथं उभं करून तपासायचं. याला रोल नकोच.

लातूरकर

एक शेवटची शंका. सगळं केलं आणि गटानं चुकीच्याच माणसावर आरोप केला तर? आमच्याकडं तसं झालं की डीएम हळूच इशारे द्यायला लागतो आणि मग मजाच जाते. ब्रिंडलवुड बे नावाच्या खेळात म्हणे गुन्हेगार आधी ठरलेलाच नसतो, खेळाडू तर्क मांडतात आणि फाशावर ठरतं. ते घ्यावं का?

बारवप्रेमी (परभणी)

तिथं दोन सहाबाजू फासे, अधिक जमवलेले सुगावे, वजा प्रकरणाची गुंतागुंत, असा हिशेब असतो. दहा किंवा वर गेलं तर तर्क खरा. जेसन कॉर्डोव्हा यांनी हे फार सुंदर बसवलंय आणि त्या खेळात ते शोभतं, कारण तिथं सगळे मिळून गोष्ट रचतात. पण आमच्या बारवेच्या प्रकरणात सोंदूर कोरा आहे तो कुणीतरी बदलला म्हणून. ते कुणी बदललं हे मला पहिल्या प्रहरापासून माहीत असलं पाहिजे, नाहीतर मन्याडताईंच्या पंचनाम्याला पायाच राहत नाही. त्यामुळं मी गुन्हेगार आधीच ठरवतो आणि बदलत नाही.

आरोपासाठी मी असं ठेवलंय. पारावर पाच पंच बसतात. गटानं आरोप करताना पंचनाम्यातले तीन सुगावे मांडायचे. प्रत्येक पंच एक प्रश्न विचारतो, आणि तो प्रश्न मी प्रामाणिकपणे गटाच्या तर्कातल्या सगळ्यात कच्च्या जागी विचारतो. 'ज्याच्यावर आरोप करता त्याच्याकडं बैल आहेत का?' बैल नसतील तर गटाला तिथंच, पंचांसमोर, कळतं की आपला माणूस चुकला. इशारा देण्याची गरज पडत नाही. तरी आरोप मागं घेतला नाही आणि पंचांना पटला, तर निरपराध माणसाला शिक्षा होते, जमीन जप्त होते, त्याचं कुटुंब गाव सोडतं, आणि खरा गुन्हेगार पाण्याच्या पाळ्यांची वही ताब्यात घेतो. पुढच्या सेशनला सगळे त्याच गावात परत येतात. पाळ्या बदललेल्या असतात, आणि वहीतलं अक्षर त्यांनी आधी पाहिलेलं असतं.

लातूरकर

पंचांचे प्रश्न आधी लिहून ठेवता का ऐन वेळी?

बारवप्रेमी (परभणी)

दोन लिहून ठेवतो: साधन कुणाकडं होतं आणि त्या प्रहराला तो कुठं होता. उरलेले तीन गटाचं बोलणं ऐकून. पंचांपैकी एक जण आरोपीचा भाऊबंद ठेवा, त्याचा प्रश्न आपोआप धारदार होतो.